पार्ट-टाइम पोर्ट्रेट फोटोग्राफी (गोवा): साठ हजारांत आधी काय घेऊ आणि दर किती सांगू?

शेवंती_फोंडा

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याजवळ राहते, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. शनिवारची दुपार आणि रविवार मोकळा असतो. बरीच वर्षं फोटो काढतेय, पण माणसांचेच. किनारे आणि सूर्यास्त यांत माझं मन फारसं रमत नाही. समोर माणूस बसतो, पहिली दहा मिनिटं अंग चोरून असतो, आणि मग बोलता बोलता त्याचे खांदे खाली येतात. त्या क्षणाचा फोटो मला हवा असतो.

गेल्या चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) बसून करंज्या वळणाऱ्या आमच्या आजीचा एक फोटो नातेवाइकांत फिरला आणि तेव्हापासून लोक विचारू लागलेत. ऑफिसातल्या एकीच्या बहिणीचं दोहाळजेवण आहे, तिला एकटीचे आणि नवऱ्याबरोबरचे निवांत फोटो हवेत. म्हार्दोळकडचा एक नाटकाचा ग्रूप आहे, स्पर्धेच्या तयारीत आहेत, त्यांना दहा कलाकारांचे चेहरे हवेत, पोस्टरसाठी आणि पुस्तिकेसाठी. शेजारच्या एका काकांना साठीनिमित्त काका-काकूंचा भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो हवा आहे. सगळ्यांचं बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबतं: "दोन हजार देऊ, चालेल ना?" आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही, कारण दोन हजार कमी की जास्त हेच मला ठरवता येत नाही.

माझ्याकडे कॅनन २००डी मार्क टू आहे, किटची १८-५५ लेन्स आणि ५० मिमी एफ १.८. फ्लॅश नाही. बोनसचे साठ हजार बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो जुनी बॉडी देऊन कॅननचीच आर५० घ्या, मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा) जमाना आहे. घरात बाबा म्हणतात एवढ्यात काही घेऊ नको, आधी पैसे मिळू देत. मला हे काम नीट करायचं आहे. नोकरी सोडायची नाही, पण जे देईन ते पैसे मोजलेल्या माणसाला वीस वर्षांनी काढून बघावंसं वाटलं पाहिजे.

तर बॉडी, लेन्स की लाइट? आणि दर कसा ठरवतात, तो आकडा येतो कुठून? पावसाळ्यात सामान कसं सांभाळता तेही सांगा, आमच्या घरात जुलैमध्ये चपलांनाही बुरशी येते.

म्हापशेकार

बाय, बॉडी बदलू नका. तुमची २००डी मार्क टू २४ मेगापिक्सेलची आहे, काका-काकूंच्या भिंतीवरच्या फोटोला ती पुरून उरते. आर५० ही सुद्धा २४चीच, सेन्सरचा आकार तोच, कार्डाची खाच एकच. डोळ्यावर फोकस धरण्यात ती पुढे आहे हे खरं, पण बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये तुमची बॉडीही लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, ते काम करते. साठ हजार तिच्यात गेले की लाइटला काही उरत नाही, आणि चेहरा घडतो तो लाइटने.

माझा म्हापशात फिल्मच्या काळापासून स्टुडिओ आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

एक फ्लॅश घ्या. गोडॉक्सचा टीटी६०० साधा, मॅन्युअल, दणकट आहे, साधारण सहा हजारांच्या आसपास. पण इथे तुमच्या बॉडीची एक खोड आधी माहीत हवी. २००डी मार्क टूच्या हॉट शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला गोल पिन कॅननने काढून टाकला आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर नीट बघा, धातूचे बारीक ठिपके दिसतील पण मधोमध मोठा ठिपका नाही. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्तातले ट्रिगर (लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उडवणारी यंत्रं) त्या मधल्या पिनवरच चालतात. त्यामुळे टीटी६०० थेट वर लावलात तर तो उडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल फ्लॅश खराब आला. तुम्हाला कॅननसाठी बनवलेला टीटीएल (बाकीच्या बारीक ठिपक्यांतून कॅमेऱ्याशी बोलणारा) ट्रिगर लागेल, गोडॉक्सचा एक्स२टी किंवा एक्सप्रो, त्यात नवं फर्मवेअर टाकलेलं. दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा, ट्रिगर लावा, समोर फ्लॅश धरा आणि उडवून बघूनच पैसे द्या. ऑनलाइन मागवू नका. पुढे कधी आर५० घेतलीत तर तिचं शू आणखी वेगळं आहे, जुन्या पद्धतीच्या सामानासाठी कॅननचा एक वेगळा अडॅप्टर लागतो. दुकानदाराने हे सांगितलं नसेल.

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावायचाच नाही. स्टँडवर, माणसाच्या डोळ्यांच्या जरा वर, एका बाजूला, पांढऱ्या छत्रीतून. छत्री चेहऱ्याच्या जितकी जवळ तितका लाइट मऊ, हे एवढं कळलं की निम्मं काम झालं. लोक छत्री दोन मीटर लांब ठेवतात आणि म्हणतात लाइट कडक येतो. हात लांब केला की छत्री लागेल इतकी जवळ आणा, फ्रेमच्या काठाला टेकेपर्यंत. नाटकवाल्यांचे दहाही चेहरे असे एकाच जागी होतील: खुर्ची एक, छत्री एक, मागे साध्या गडद कापडाचा पडदा. समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की सावलीतला गाल उजळतो.

संध्याकाळी बाहेर, मागे आकाश ठेवून काढायचं असेल तर लक्षात ठेवा की तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सर्वांत वेगवान शटर, १/२०० सेकंदापर्यंतच आहे. त्याहून वेगवान शटर लावलं तर फोटोत काळी पट्टी येते. त्याहून वेगवान शटरसाठीचा हाय-स्पीड सिंक ट्रिगरवरून मिळतो, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. त्यापेक्षा सूर्य टेकायची वाट बघा. डिसेंबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, त्याच्या आधीची वीस मिनिटं आणि नंतरची दहा, एवढ्यात १/२०० वर सगळं बसतं.

लेन्स. तुमची ५० मिमी या सेन्सरवर ८०सारखी दिसते, पोर्ट्रेटला ती उत्तम. १८-५५ मात्र १८ वर लावून जवळ जाऊ नका. जवळ गेलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. त्यात दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे राहा. पैसे उरलेच तर सेकंडहँड ८५ मिमी एफ १.८ बघा. जुनी आहे, १९९२ची रचना, पण चेहऱ्याला फार छान. तुमच्या बॉडीवर ती १३६सारखी पडते, म्हणजे घरात पूर्ण उंचीचा फोटो येणार नाही, अंगण पाहिजे.

आणि पावसाळा. लेन्समधली बुरशी ही गोव्याच्या फोटोग्राफरची खरी वैरी. ती काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कोटिंग खाते. साफ केली तरी ओरखडा राहतो. हवेतला ओलावा ४० ते ५० टक्क्यांत राहील अशी पेटी हवी. विजेची छोटी ड्राय कॅबिनेट आठ-नऊ हजारांत येते. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा ओलावा दाखवणारा काटा. कॅमेऱ्याच्या बॅगेत सामान ठेवून ती कपाटात टाकणं सगळ्यात वाईट, बॅगेचं स्पंजच ओल धरून ठेवतं. सेकंडहँड लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि तिरकं बघा. धुळीचे कण चालतील, जाळं दिसलं तर किंमत कितीही पाडली तरी हात लावू नका.

शेवंती_फोंडा

धन्यवाद बाब! मधल्या पिनचं आत्ताच कॅमेरा काढून पाहिलं, खरंच नाहीये. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

एक अडचण विचारायची राहिली. दोहाळजेवणवालीला आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) फोटो हवेत. मी आधी बहिणीला उभी करून बघितलं तर चेहरा हिरवट येतोय आणि डोळ्यांखाली काळं पडतंय. माडा-पोफळींत दिसायला इतकं सुंदर असतं, फोटोत तसं का उतरत नाही?

जाईजुई (मडगाव)

शेवंती, कुळागरात प्रकाश येतो तो वरून, आणि येतो तो पानांतून गाळून. वरून आल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी अंधारतात, पानांतून आल्यामुळे गालावर हिरवा रंग चढतो. शिवाय खाली गवत असलं की हनुवटीखालीही हिरवं. एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स गुलाबीकडे ढकलला की सावळी कातडी सुधारते, पण अबोलीची फाती (गजरा) आणि साडीचा काठ बिघडतो. म्हणून ते तिथेच सोडवायचं.

तिला कुळागराच्या आत उभी न करता काठावर उभी कर, जिथून मोकळं आकाश दिसतं. तिचं तोंड मोकळ्या बाजूला, पोफळी पाठीमागे. मग चेहऱ्यावर आकाशाचा प्रकाश पडतो आणि झाडांचा हिरवा फक्त मागे राहतो. तिच्या पायांपुढे, फ्रेमच्या बाहेर, एक धुतलेली पांढरी चादर अंथर. डोळ्यांखालचं काळं लगेच निघतं. रिफ्लेक्टर घेतलास तर पांढरी बाजू वापर; सोनेरी बाजू आपल्या रंगाच्या चेहऱ्यावर हळद लावल्यासारखी दिसते.

तुमच्याकडे जुनं घर असेल तर आधी तेच बघ. आपल्या घरांच्या सोप्यात दुपारी साडेतीन-चारला जो प्रकाश येतो तो कुठल्याही स्टुडिओत नाही. अंगणातल्या ऊन पडलेल्या जमिनीवरून तो उलटून आत येतो, खालून-समोरून, आणि चिऱ्याची तांबूस भिंत त्याला ऊब देते. जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर विचारूच नको. ते शिंपले म्हणजे आयता सॉफ्टबॉक्स, दुधासारखा प्रकाश येतो. खिडकीपासून हातभर अंतरावर, चेहरा खिडकीकडे अर्धा वळवून बसव. तुझ्या शेजारच्या काका-काकूंसाठी मी हेच करेन: काकूंना खिडकीजवळ बसव, काकांना त्यांच्या मागे जरा उभे, आणि त्यांना एकमेकांशी काहीतरी बोलायला लाव. आज जेवायला काय होतं एवढं पुरतं.

दोहाळजेवणाच्या सेशनबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगते, कारण मी बहुतेक गरोदर बायका आणि लहान मुलांचेच फोटो काढते. वेळ तिच्या सोयीची ठेव, तुझ्या प्रकाशाच्या सोयीची नाही. सातव्या-आठव्या महिन्यात तासभर उभं राहणं जमत नाही, दर दहा मिनिटांनी खुर्ची हवी, पाणी हवं. कपडे बदलायला बंद दार असलेली खोली कुठे आहे ते आधी पक्कं कर, आणि फोटो निवडताना पोटाचे कुठले फोटो बाहेर दाखवायचे ते तिला एकटीला विचार. सासू-नवरा समोर असताना ती नाही म्हणणार नाही.

आणि तू बाई म्हणून: अनोळखी माणसाचं काम असेल तर पहिली भेट लोकांत. संध्याकाळी ओस किनाऱ्यावर किंवा घाटात एकटी जाऊ नकोस. भावाला, मैत्रिणीला सोबत घे आणि त्याचे पाचशे रुपये तुझ्या दरात धर. त्या माणसाच्या हातात रिफ्लेक्टर दे, कामही होतं. किनाऱ्यावर वाऱ्यात छत्री धरायला तसाही कुणीतरी लागतोच, नाहीतर फ्लॅशसकट स्टँड वाळूत. वाळूवर लेन्स बदलायची नाही, आणि घरी आल्यावर ओलसर मऊ कापडाने बॉडी पुसायची, खारी हवा बटणांत बसते.

ठिकाणांचं बघून घे. पणजीच्या फोंतेन्यांशमध्ये लोक राहतात, त्यांच्या दारात तासन्‌तास शूट चालतात म्हणून ते वैतागलेत, कित्येक घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. घरमालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या पायऱ्यांवर कुणाला बसवू नकोस. जुने गोवे किंवा तांबडी सुर्ला ही पुरातत्त्व खात्याची स्मारकं, तिथे ट्रायपॉड-स्टँड लावायला परवानगी लागते. देवळांत तर समितीला विचारायचंच.

रविवार_डिचोली

दराचं मी सांगतो. मी बँकेत आहे, सुट्टीच्या दिवशी पोर्ट्रेट आणि मुंजी-बारशी करतो. (सरकारी नोकरीत कुणी वाचत असेल तर: सेवा वर्तन नियमांनुसार असं काम करायला आधी परवानगी घ्यावी लागते. खाजगीतही नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिलंय ते शेवंतीताई, तुम्ही एकदा वाचा.)

लोक "दीड तासाचं तर काम" म्हणतात. दीड तास म्हणजे शटर दाबण्याचा वेळ. बाकीचा मोजा. फोनवर बोलणं, कपडे काय घालू याची उत्तरं, वेळ ठरवणं: अर्धा-पाऊण तास. फोंडा ते पणजी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, दीड तास. शूट दीड तास. घरी येऊन तीनशे फ्रेम चाळणं, पाऊण तास. पंधरा-वीस फोटोंचं एडिटिंग, एकेकाला दहा मिनिटं धरली तरी तीन तास. कॉपी, अपलोड, पाठवणं, "हा जरा उजळ करा ना" वगैरे, आणखी अर्धा तास. एकूण आठ तास. तुमचा आख्खा रविवार.

आता खर्च. तुमचं सगळं सामान, आधीचं आणि नवं मिळून, एक लाख वीस हजार धरू. चार वर्षांत ते बदलावं लागेल, म्हणजे वर्षाला तीस हजार. नोकरी सांभाळून वर्षाला चाळीस कामं होतील असं धरलं, पावसाळ्यात कमीच होतात, तर प्रत्येक कामामागे ७५० रुपये नुसती झीज. सॉफ्टवेअरचं भाडं, हार्ड डिस्क, सर्व्हिसिंग, विमा मिळून वर्षाला सोळा हजार धरा, म्हणजे दर कामाला ४००. पेट्रोल-पार्किंग-चहा २००. झाले १,३५०.

दोन हजारांतून १,३५० गेले, राहिले ६५०. आठ तासांना भागा. तासाला ऐंशी रुपये. "दोन हजार, चालेल ना?" याचं उत्तर हे आहे.

तुमच्या तासाची किंमत तुम्ही ठरवा. सुरुवातीला चारशे धरली तर आठ तासांचे बत्तीसशे, अधिक १,३५०, म्हणजे साडेचार हजार. सोबतीला माणूस असेल तर पाच. या पैशांत काय मिळेल ते लिहून द्या: दीड तास, एक ठिकाण, कपड्यांचे दोन बदल, पंधरा एडिट केलेले फोटो, दहा दिवसांत. जास्तीचा फोटो दोनशे रुपये. निम्मे पैसे तारीख पक्की करताना. पाऊस आला तर तारीख एकदा फुकट बदलून, पण आदल्या दिवशी मनातून रद्द केलं तर ॲडव्हान्स परत नाही. हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये पाठवायचं आणि "मान्य" असं उत्तर घ्यायचं. एवढ्याने पुढची निम्मी कटकट टळते.

नाटकवाल्यांना सेशनचा दर लावू नका. माणशी आठशे, किमान आठ माणसं, सगळे एकाच जागी एकाच दिवशी, माणशी दोन फोटो. दहा जणांचे आठ हजार, एकदा लाइट लावला की अडीच तासांत संपतं आणि एडिटिंगही एकसारखं असतं. त्यांना परवडतं, तुम्हालाही.

पेडणे_क्लिक्स

साडेचार हजार फोंड्यात कोण देणार? मी पेडण्यात काम करतो, इथे पंधराशेत सगळे फोटो पेन ड्राइव्हवर देणारे आहेत. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांचं वेगळं, ते देतात. गावातल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो पुन्हा फोन करत नाही. नवीन माणसाने आधी नाव करावं, मग दर वाढवावा. ताईंनी पहिली काही कामं दोन हजारांत घ्यावीत असं माझं स्पष्ट मत.

रविवार_डिचोली

तुमचं म्हणणं गावात फिरणाऱ्या प्रत्येकाला पटेल, मलाही गिऱ्हाइकाची अडचण कळते. पण दर वाढवणं ही फार कठीण गोष्ट आहे. दोन हजारांत आलेला माणूस त्याच्या मावसभावाला पाठवतो तो "दोन हजारांत करते" असं सांगूनच. पुढच्या वर्षी साडेचार म्हटलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

कमी पैशांचं काम घ्यायचं असेल तर कामही कमी करा. दोन हजारांत अर्धा तास, तुमच्या स्वतःच्या घराच्या सोप्यात, चार फोटो. प्रवास नाही, एडिटिंग चाळीस मिनिटं, सगळं दोन तासांत संपतं. गिऱ्हाइकाला परवडणारं काहीतरी मिळतं आणि तुमचा दर मोडत नाही. घरच्या माणसांना द्यायचं असेल तर पूर्ण फुकट द्या, आहेर म्हणून, आणि पावतीवर पूर्ण दर लिहून "भेट" असं लिहा. अर्धवट सवलतीने ना पैसे मिळतात ना उपकार राहतात.

सगळे फोटो पेन ड्राइव्हवर देण्याबद्दल: डोळे मिटलेले, तोंड वाकडं झालेले फोटो तुमच्या नावाने लोकांच्या मोबाइलवर फिरतील. निवडणं हे तुमच्या कामाचाच भाग आहे, त्याचे पैसे घेताय.

हिशेबनीस

मी कर सल्लागार आहे, थोडक्यात लिहितो.

जीएसटी: गोव्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नाही. साधं बिल द्या: क्रमांक, तारीख, काम काय, रक्कम.

आयकर: पगाराबरोबर हे उत्पन्न आलं की आयटीआर-१ चालत नाही, त्यात व्यवसायाचं उत्पन्न दाखवता येत नाही. आयटीआर-३ किंवा ४ लागेल, कुठला ते तुमच्या माणसाला विचारा. या कामाचे पैसे यायला वेगळं बचत खातं उघडा, मार्चमध्ये डोकेदुखी होत नाही. कॅमेरा, फ्लॅश, लेन्स सगळ्यांची बिलं स्वतःच्या नावाने घ्या आणि स्कॅन करून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.

आणखी एक, जे बहुतेक फोटोग्राफरना उलटं वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला, आणि तुमच्यात वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. "मी काढला म्हणजे माझा" हे अशा कामात लागू पडत नाही. तुम्हाला इन्स्टाग्रामवर किंवा पोर्टफोलिओत लावायचा असेल तर त्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून घ्या की कॉपीराइट तुमच्याकडे राहील आणि तुम्ही निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवू शकाल. सही असलेला कागद असेल तर जास्त बरं. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची लेखी संमती घ्याच.

शेवंती_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना रविवार_डिचोली यांचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी कागदावर पुन्हा मांडून बघितला आणि म्हणाले, "ऐंशी रुपयांत कामाला माणूस मिळत नाही आता." आता घे म्हणतायत.

असं ठरवलंय: टीटी६०० सहा, ट्रिगर साडेपाच (बॉडी नेऊन, उडवून बघून), स्टँड-छत्री-ब्रॅकेट चार, रिफ्लेक्टर बाराशे, चार्जिंगचे सेल आणि कॅमेऱ्याची एक जादा बॅटरी अडीच. ड्राय कॅबिनेट साडेआठ. दोन हार्ड डिस्क बारा. एकूण चाळीसच्या आत. उरलेल्यात जाळं नसलेली ८५ मिळाली तर घेईन, घाई नाही.

पेडणे_क्लिक्स, तुमचं म्हणणंही मनात आहे. म्हणून सोप्यातला अर्ध्या तासाचा दोन हजारांचा प्रकार ठेवतेय. काका-काकूंचं त्यातच होईल. नाटकवाल्यांना माणशी आठशे कळवले, ते हो म्हणाले, फक्त तालमीच्या जागी या म्हणतात, रात्री आठनंतर. दोहाळजेवणवालीला साडेचार सांगितले, ती विचार करून सांगते म्हणाली.

दोन शंका उरल्या. माझ्या कॅमेऱ्यात कार्ड एकच, ते शूटमध्येच बिघडलं तर? आणि तालमीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत, फ्लॅशबरोबर त्यांचा रंग मिसळेल ना?

म्हापशेकार

मिसळेल. म्हणून ट्यूब बंद करायला सांगा, लांबचा एखादा दिवा ठेवा, फोकस धरण्यापुरता. बंद करत नसतील तर शटर १/२००, आयएसओ १००, एफ ५.६ लावून फ्लॅशशिवाय एक फोटो घ्या. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे ट्यूबचा प्रकाश फोटोत येत नाहीये, मग फ्लॅश चालू करून त्याची ताकद १/८ पासून वर न्या. हॉलच्या भिंती हिरव्या-पिवळ्या असतील तर माणसाला भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवा, नाहीतर भिंतीचा रंग गालावर येतो.

कार्डाचं: एक मोठं वापरू नका, ३२ जीबीची तीन-चार चांगल्या कंपनीची घ्या, अधिकृत दुकानातून. तीन कलाकार झाले की कार्ड बदला, काढलेलं खिशात चेन लावून ठेवा. म्हणजे काही झालं तरी सगळे दहा जण जात नाहीत. घरी गेल्यावर त्याच रात्री दोन्ही डिस्कवर कॉपी, दोन्हीकडे उघडून बघा, आणि गिऱ्हाइकाने फोटो मिळाले म्हणेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. दुसरी डिस्क त्याच कपाटात नको, बहिणीच्या घरी ठेवा.

आणि सोबत कुणालातरी न्या, रात्री आठची तालीम म्हणजे परत यायला अकरा वाजणार.

जाईजुई (मडगाव)

मेकअप करून यायला सांग, पण नाटकाचा नाही, रोजचा. आणि कलाकारांना चष्मा असेल तर छत्री थोडी आणखी वर घे, काचेत पांढरा गोळा दिसतो. तरी गेला नाही तर त्यांना हनुवटी बोटभर खाली घ्यायला लाव.

शेवंती_फोंडा

लिहून घेतलं. भाऊ येतोय बरोबर, पाचशेवर तयार झाला. आणि दोहाळजेवणवालीचा आत्ताच मेसेज आला, ॲडव्हान्स पाठवतेय, पण तिला पंधराच्या जागी वीस फोटो हवेत. जास्तीच्या पाचांचे हजार सांगितले.